निळं पाणी

"याला रंग दिलाय का?"

एवढंच विचारलं होतं मी. फेब्रुवारीतली सकाळ होती. कोबे शहरात सान्नोमिया स्टेशनवरून कितानोकडे रस्ता चढत जातो. त्या चढावरच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमच्या ओळखीच्या एका गुजराती कुटुंबाची मोत्यांची पेढी आहे. "एकदा सकाळची ये, मोती निवडताना बघ," असं भाभी कितीदा तरी म्हणाल्या होत्या. नऊ वर्षं या भागात राहून ते जमलं नव्हतं. खोली अगदी साधी. उत्तरेला भिंतभर खिडकी, खिडकीला लागून टेबलं, टेबलांवर पांढरं कापड आणि बाहेर रोक्कोच्या डोंगराची हिरवट करडी रांग. मोती पारखायला थेट ऊन चालत नाही आणि दिवाही चालत नाही. उन्हात प्रत्येक मोती चमकतो, दिव्याखाली प्रत्येक मोती पिवळट दिसतो. उत्तरेकडून येणारा मऊ, न हलणारा उजेड लागतो, आणि मोत्यांचा धंदा या गावात वाढला त्यात या उजेडाचा मोठा वाटा आहे असं इथले जुने लोक मानतात. टेबलाशी सत्तरीला टेकलेल्या एक बाई बसल्या होत्या. करड्या केसांचा छोटा अंबाडा, बाह्यांवर काळी मलमली खोळ, नखं अगदी बारीक कापलेली. त्यांच्यासमोर कापडावर पंचवीस-तीस मोती सुटे पडले होते.

पहिल्या नजरेला ते मला राखाडी वाटले. मग बाईंनी बोटाच्या टोकानं एक मोती जरासा लोटला, तो अर्धा गडगडून थांबला, आणि त्या अर्ध्या फेऱ्यात त्याच्या पोटातून निळा रंग वर आला. निळा म्हणजे मोरपंखी नव्हे, कपड्यांना घालायच्या निळीचाही नव्हे. पातळ दूध भांड्यात ओतलं की काठाशी जी निळसर झाक दिसते, तिच्या जवळचा. एक मोती पारव्याच्या मानेसारखा, हलवला की हिरवट आणि गुलाबी होणारा. एक पाजळलेल्या विळीच्या धारेसारखा. एक तर पावसानं उघडीप दिल्यावर ढगांच्या फटीतून पहिल्यांदा दिसणाऱ्या आभाळाचा. शेजारी ठेवल्यावर प्रत्येकाचा निळा वेगळा. मी किती वेळ बघत होते कोण जाणे, आणि मग तोंडातून तो प्रश्न गेला. भाभींनी तो जपानीत सांगायची गरज नव्हती, माझं जपानी तेवढं आहे.

बाई क्षणभर थांबल्या. "नाही," म्हणाल्या. मग पंजा तोंडाशी नेऊन, माफी मागावी तशा किंचित वाकून, हळूच म्हणाल्या, "यांना नाही. तुमच्या गळ्यातल्यांना मात्र दिलेला असेल."

माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

ती माळ मला लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मिळालेली. सात मिलिमीटरचे पांढरे अकोया मोती, म्हणजे अकोया जातीच्या शिंपल्यात वाढवलेले, त्यावर अगदी अलगद गुलाबी छटा. इथे बायकांकडे अशी एकपदरी माळ असतेच. मुलांच्या शाळाप्रवेशाला तीच, लग्नाला तीच आणि कुणाच्या अंत्यविधीलाही तीच. मीही ती या तिन्ही प्रसंगांना घातली आहे. त्या सगळ्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की हा गुलाबी रंग शिंपल्यानं दिला की आणखी कुणी. पांढऱ्या मोत्याला कोण विचारतं? मोती पांढराच असतो. जुन्या जपानी कवितांमध्येही मोत्यासाठी 'शिरातामा' हा शब्द येतो, म्हणजे शुभ्र रत्न. भाभींनी मग शांतपणे समजावलं. शिंपल्यातून निघालेल्या अकोया मोत्यांतले बहुतेक आधी डाग काढायला हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात जातात. जपानीत त्याला 'शिमिनुकी' म्हणतात, शब्दशः डाग काढणं. त्यानंतर 'चोशोकु', रंग जुळवणं, म्हणजे पांढऱ्याला गुलाबीची जेमतेम झाक देणं. यात लपवाछपवी काही नाही, धंद्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, माळ त्यानं खोटी ठरत नाही. मात्र हे निळे मोती त्या पाण्यात घालतच नाहीत. त्यात घालून वर आणखी काय काढायचं? जसा शिंपल्यातून निघाला तसाच तो पुसून कापडावर ठेवायचा. बाजारात निळे म्हणून विकले जाणारे बरेचसे अकोया रंगवलेले किंवा किरणांचा मारा करून गडद केलेले असतात हे खरं, त्यामुळे माझा प्रश्न वेडगळ नव्हता. पण तो मी चुकीच्या मोत्याला विचारला होता.

बाईंनी माझ्या हातात भिंग दिलं. एक विंधलेला निळा मोती चिमटीत धरून त्याचं वेज, म्हणजे ओवायचं भोक, माझ्याकडे केलं. इतकी वर्षं मोती वापरून मी वेजाच्या आत कधी पाहिलं नव्हतं. आधी नुसता अंधार दिसला, मग डोळा सरावला. आतलं गोल बी पांढरंफट्ट होतं. हे बी अमेरिकेतल्या नद्यांमधल्या जाड शिंपल्यांपासून घडवतात, मग शिंपल्याला शस्त्रक्रिया करून ते त्याच्या पोटात ठेवतात, सोबत दुसऱ्या शिंपल्याच्या त्वचेचा एक इवला तुकडा. त्या पांढऱ्या बियाच्या कडेनं एक तपकिरी रेघ गेली होती, चहा वाळलेल्या कपाच्या काठासारखी. आणि रेघेच्या बाहेर मोत्याचा खरा थर, काचेसारखा स्वच्छ. निळं असं तिथे काहीच नव्हतं. मी भिंग काढून मोती पाहिला, तो निळा. भिंग लावून आत पाहिलं, पांढरं, तपकिरी, पारदर्शक. रंग दिलेला असेल तर तो वेजाच्या कडेला साचलेला दिसतो, बाई म्हणाल्या. किरणांनी केला असेल तर बीच काळं पडलेलं असतं, कारण गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात मँगेनीज असतं आणि ते किरणांनी काळवंडतं. आणि शिंपल्यानं स्वतः केला असेल तर ही अशी रेघ.

ती रेघ म्हणजे मळ. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत जखमी शिंपला त्या परक्या बियाभोवती आधी काहीबाही तपकिरी पदार्थ सोडतो. मग जखम बसते, त्याला त्याची लय सापडते आणि तो एकावर एक थर चढवायला लागतो. एकेक थर मिलिमीटरच्या दोन-तीन हजाराव्या भागाएवढा, असे हजारावर, आणि सगळे मिळून जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हे वरचे थर स्वच्छ आणि दाट उतरले, तर आत अडकलेला तो काळपट तपकिरी मळ आपल्याला बाहेरून निळा दिसतो. थर पातळ किंवा गढूळ निघाले तर मोती नुसता मातकट राखाडी होतो आणि टाकाऊ ढिगात जातो. निळा आणि टाकाऊ यांच्यामधलं अंतर एवढंच. म्हणूनच ते इतके कमी मिळतात, आणि म्हणूनच दोन निळे सहसा सारखे नसतात. समोर पडलेल्या त्या पंचवीस-तीस मोत्यांची एक माळ व्हायची होती, आणि भाभी म्हणाल्या, हे जुळवायला घेतल्याला चौथं वर्ष आहे.

घरी परतताना गाडीत बसून मी माझं मनगट बघत होते. आतल्या बाजूच्या शिरा निळ्या दिसतात, रक्त तर निळं नसतं. मग चिपळूणजवळच्या आमच्या आजोळची ओटी आठवली. ओटीवर बसलं की समोर शेतं, पलीकडे आंब्याच्या राया, आणि सगळ्याच्या मागे सह्याद्री, थंडीतल्या सकाळी निळा, संध्याकाळी जांभळा. लहानपणी मला वाटायचं की तिथले दगडच निळे आहेत. एकदा मामाबरोबर कुंभार्ली घाटात गेले, तर हातभर अंतरावर काळाकभिन्न कातळ, ओलं शेवाळ आणि कारवीची झुडपं. मी रडवेली झाले होते म्हणे. "दुरून डोंगर साजरे," मामा म्हणाला, आणि त्या म्हणीतला हिरमोडच मी तेवढा लक्षात ठेवला. पण डोंगर निळा दिसतो तो खोटा नसतोच. गडद डोंगर आणि आपला डोळा यांच्यामध्ये कोसभर हवा असते, ती उजेडातला निळा आपल्याकडे फेकते. दुधाच्या काठाशी तेच, मनगटावरही थोडंफार तेच, आणि त्या मोत्यातही तेच: मागे काहीतरी काळं हवं, आणि पुढे काहीतरी स्वच्छ आणि पातळ हवं. काळं कातळाचं असो की मळाचं. हे शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. मग त्या खोलीत माझ्या तोंडून आधी 'वा!' का आलं नाही?

याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही, कारण मोत्यांविषयीचं माझं पहिलं ज्ञान संशयातूनच आलं आहे.

आजीची नथ बसरा मोत्यांची होती. लाल खणाच्या तुकड्यात गुंडाळून, पितळी डबीत कापसावर ठेवलेली. बसरा म्हणायचं, पण ते मोती निघायचे बहारीन-कतारच्या समुद्रात. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जायचे, आणि ती दौलत मुंबईच्या मोतीबाजारात यायची. तिथे ते मोती चाळले, विंधले, ओवले जायचे, 'चव' या मापानं त्यांचे भाव व्हायचे, वजन दुप्पट झालं की किंमत चौपट. पुढे जपानातल्या तोबाजवळच्या एका बेटावर १८९३ साली कोकिची मिकिमोतो यांना मुद्दाम वाढवलेल्या शिंपल्यात अर्धगोल मोती मिळाला, त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत गोल मोती ढिगानं पिकायला लागले, त्यातच जगभरची मंदी आली, आणि आखातातल्या मोत्यांचा तो सगळा डोलारा बसला. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी मोती स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की होतो. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती,' हे ती ज्वारीबद्दल नाही, खरोखरच्या मोत्यांबद्दल म्हणायची. पण मोत्याचं पाणी तिला कळायचं. पाणी म्हणजे चमक नव्हे, हे तिनंच सांगितलं. चमक वरवर असते, पाणी आत असतं. घामानं, अत्तरानं, तेलानं मोत्याचं पाणी उतरतं, म्हणून नथ सगळ्यात शेवटी घालायची आणि सगळ्यात आधी काढायची.

मावशीच्या लग्नाआधी ती नथ शहरातल्या एका पेढीवर नव्यानं गाठवायला दिली होती. परत आली तेव्हा झळझळीत दिसत होती. आजी ओटीवर बसली होती. तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्याचं ऑपरेशन ठरलं होतं, डावा अजून पिकायचा होता. तिनं नथ डोळ्यांजवळ नेलीच नाही. एकेक मोती पुढच्या दातांवर हलकेच घासत गेली. खरा मोती दाताला बारीक रवाळ लागतो, खोटा गुळगुळीत सरकतो. खालच्या ओळीतल्या कडेच्या मोत्यावर ती थांबली. पुन्हा घासला. म्हणाली, "हा माझा नव्हे."

"आई, तुला दिसतं तरी का?" कुणीतरी म्हणालं. घरात लग्नाची धांदल, बाहेर मांडव. कुणी ते मनावर घेतलं नाही. आजीनंही पुन्हा विषय काढला नाही, पण तिनं ती नथ नंतर कधी घातली नाही. ती गेल्यावर दोन वर्षांनी आईनं नथ दुसरीकडे दाखवली, तेव्हा तो एकच मोती काचेवर मुलामा दिलेला निघाला. कोणाच्या हातून, कधी, कसा, हे विचारायला तोवर फार उशीर झाला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात दागिना गाठवायला द्यायचा तर मोती मोजून, फोटो काढून, समोर बसूनच. आणि काहीही सुंदर समोर आलं की पहिला प्रश्न, खरं आहे ना? आजीवर तेव्हा विश्वास ठेवला नाही याची भरपाई आम्ही जन्मभर इतर सगळ्यांवर अविश्वास ठेवून करत आलो. कोबेतल्या त्या बाईंना मी जो प्रश्न विचारला तो माझा नव्हताच, असं म्हणून मला सुटता येईल. पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून जे गेलं ते मला दिसलं होतं. चार वर्षं जुळवलेली माळ कुणीतरी प्रथमच बघतं आहे, आणि बघणारीचा पहिला शब्द हा.

एप्रिलमध्ये आम्ही मिए प्रांतात आगोच्या उपसागराला जाऊन आलो. खरं तर मोती काढायचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. पाणी गार असलं की शिंपल्याचं काम मंदावतं आणि शेवटचे थर अतिशय बारीक, नेटके बसतात, म्हणून ऐन थंडीत काढतात. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर लाकडी तराफे नुसते तरंगत होते, खाली जाळ्यांमधून शिंपले टांगलेले. आमच्या खाडीसारखाच वास: चिखल, मीठ, ओलं लाकूड. आजोळी खाडीवरून कालवं घेऊन येणाऱ्या बाईच्या टोपलीला यायचा तोच. काठावरच्या एका छोट्या खानावळीत हंगामात साठवून ठेवलेल्या अकोयाच्या गराची कुरकुरीत तळणी मिळाली, दिसायला थेट खेकडा भजी. गोडसर, जरा चिवट, चविष्ट होती. खाताना मात्र घास फिरला. मोती काढला की शिंपला संपतो, अकोयाच्या बाबतीत तरी हे असंच आहे. त्याला आधी उपाशी ठेवून अशक्त करायचं, पाचर घालून उघडायचं, चिरा द्यायचा, परकं बी पोटात ठेवायचं, वर्ष-दोन वर्षं टांगायचं, मग कापायचं. २०१९च्या उन्हाळ्यात या किनाऱ्यावर आणि एहिमे प्रांताकडे लहान शिंपले इतक्या मोठ्या संख्येनं मेले की अनेकांची पुढच्या हंगामांची आशाच गेली. पुढे त्यामागे एक विषाणू असल्याचं निष्पन्न झालं. ज्या निळ्यापुढे मी देहभान विसरले तो या सगळ्यातल्या एका जिवाच्या दुखण्याचा रंग आहे. तरीही तो मला हवा होता. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी आहेत आणि अजून तशाच आहेत.

आगोहून परतल्यावर एका रात्री मुलं झोपल्यावर मी माझी माळ काढली, टेबलाच्या दिव्याखाली धरली, आणि मुलाच्या विज्ञानाच्या पेटीतलं भिंग घेतलं. मोत्यांमध्ये रेशमाच्या गाठी आहेत, त्यामुळे वेज नीट दिसत नव्हतं. गाठ नखानं हलकेच मागे सारली. कडेला गुलाबी होतं. फार नाही; ओठ पुसल्यावर रुमालावर उरतं तितपत. मला वाटलं होतं, मला फसल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. उलट या माळेची जराशी कीव आली, की डाग म्हणून तिच्यातून काय काय काढून टाकलं असेल. त्यातल्या एखाद्या मोत्याच्या पोटातही ती तपकिरी रेघ असेल का? पुढच्या आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमाला तीच घालून गेले.

आईला फोनवर सगळं सांगितलं. निळा मोती म्हटल्यावर तिला आधी काळजीच वाटली. मोती चंद्राचा, निळा शनीचा, दोन्ही एकत्र घालतात का कुणी, म्हणाली. मी घेतलेला नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मग विचारलं, "पण निळा म्हणजे नेमका कसा गं?"

मला फोटो पाठवता आला असता. पण फोटोत तो राखाडीच येतो, मी तीनदा काढून पाहिला होता. दुधाची झाक सांगून पाहिली, पारव्याची मान सांगितली. तिला काही ते दिसेना. मग मी म्हटलं, "आजीचा डोळा आठवतो? ऑपरेशनच्या आधीचा. ओटीवर बसली की उजेड आडवा यायचा, तेव्हा बाहुलीत जो दिसायचा तो."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. गच्चीवर कुणीतरी कपडे झटकत होतं तेवढं ऐकू आलं.

"डावा," आई म्हणाली. "उजव्याचं आधी झालं होतं."